दस्तगीरचा कान

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि साखरेचं दुखणं लागल्यापासून तिच्या नजरेतून माझी पेढ्याची पुडीही कधी सुटलेली नाही. सांगायची वेळ आली नाही असं म्हणणार नाही — आली होती. दोन-तीनदा शब्द अगदी ओठांवर आले होते. दर वेळी मी घोटभर पाणी प्यालो आणि दुसरंच काहीतरी बोललो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यासमोर जमेल. मध्येच अडखळलो तर समजून घ्या — नको, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

मी पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता होतो. मूळचा उदगीरचा, घरची डाळीची आडत. वडील कपाळाला विभूती लावून सकाळी सातला गादीवर बसायचे, ते थेट रात्री उठायचे. पोरानेही तिथेच बसावं अशी त्यांची इच्छा. मी नांदेडला जाऊन डिप्लोमा केला आणि सरकारी नोकरी धरली. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. फायली ट्रकने यायच्या, कचेरीत खुर्च्या कमी आणि साहेब जास्त. आणि नव्या जिल्ह्याचं बारसं झालं तेच दुष्काळात. विहिरी आटल्या, नद्यांच्या वाळूत माणसं झरे उकरायला लागली. उरले ते बोअर आणि त्यांच्यावरचे हापसे. ते चालू ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

म्हणजे कागदावर माझ्याकडे. खरं काम करायचा दस्तगीर.

दस्तगीर औशाकडचा. आमचा हापसा मिस्त्री, सातवी शिकलेला, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. बिघडलेल्या हापशाजवळ गेला की आधी पाने-पक्कड काढायचा नाही. कुणाला तरी दांडा मारायला लावायचा, स्वतः खांबाला कान लावून डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "सहाव्या पाइपाच्या जोडात गळतंय." सहा पाइप वर ओढले की सहाव्याच्याच जोडात गळत असायचं. कधी म्हणायचा वायसर झिजलाय, कधी सळई तुटलीय. एकदाही चुकलेला मी पाहिला नाही. मी मात्र, डिप्लोमावाला, म्हणायचो — सगळा उघडा, मग बघू.

माझ्या पोटात दुखायचं. सरळ सांगतो, फिरवून कशाला सांगू? गावात आमची जीप थांबली की बाया माझ्या खांद्यावरून मागे बघायच्या — मिस्त्री आलाय का? तो उतरला की त्यांचे चेहरे उजळायचे. सरपंच मला खुर्ची द्यायचा आणि बोलायचा त्याच्याशी. आमच्या गल्लीतला हापसा बिघडला तेव्हा बायको हसत म्हणाली, "दस्तगीरभाईंना पाठवा बरं का, तुम्ही नका येऊ." चेष्टाच होती. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. कशावरून रुसलो ते तिला आजही ठाऊक नाही.

अशात लातुरात ती कार्यशाळा भरली. दुष्काळातल्या पिण्याच्या पाण्यावर, पाच दिवसांची, शिकवायला परदेशातली माणसं. अभियंते होते, ग्रामसेवक होते, नायब तहसीलदार होते. दोन पोलीस जमादारही होते, कारण हापशावर रोज कुणाचं तरी डोकं फुटत होतं. मिस्त्री लोक शेवटच्या रांगेत. सगळ्यांना एकेक पिशवी, पेन आणि छातीवर लावायचा नावाचा बिल्ला मिळाला. मी तो बिल्ला घरी जेवतानाही काढला नव्हता.

त्याचं कारण होतं. कचेरीत बोललं जात होतं की पुढची कार्यशाळा आफ्रिकेत आहे, आणि आपल्या जिल्ह्यातून एकाला तिकडे नेणार. एकाला म्हणजे कोणाला? इंग्रजी येणाऱ्यालाच ना? मी साहेबांच्या मुलाचा कोट मागून फोटोसुद्धा काढून ठेवला होता. वडिलांनी उदगिरात दुकानी येईल त्याला सांगायला सुरुवात केली होती. डाळीपुढे नोकरीला कमी लेखणारा तो माणूस — आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझी नोकरी मोठी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी, शिकवणाऱ्या ज्या मुख्य बाई होत्या, त्यांनी सभागृहात एक नमुन्याचा हापसा उभा केला आणि त्यात मुद्दाम बिघाड केले. कुणाला ओळखता येतात का बघू म्हणाल्या. अभियंत्यांनी अंदाज सांगितले. मग कुणीतरी दस्तगीरला पुढे ढकललं. त्याने कान लावला आणि एकामागून एक चारही बिघाड सांगितले. बाईंनी त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, बिघाड बदलले. पुन्हा चारही बरोबर. टाळ्या थांबेनात. बाई काहीतरी बोलल्या आणि पुण्याहून आलेल्या दुभाष्याने सांगितलं — या वेळी बोलावणं अधिकाऱ्याला नाही, हाताने काम करणाऱ्याला द्यायचा विचार आहे. उद्या गावात प्रत्यक्ष दुरुस्ती बघू आणि नाव नक्की करू.

सगळे वळून दस्तगीरकडे बघायला लागले. तो खुर्चीत अंग चोरून बसला होता आणि हसत होता. त्या हसण्यात गर्व नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला राग धरायला काहीतरी मिळालं असतं.

उद्याचं गाव ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी एक गाव नक्की केलंही होतं — पाणी भरपूर, बिघाड साधा. त्या संध्याकाळी मी गाव बदललं.

बदललेल्या गावाचं नाव सांगत नाही. तिथला हापसा दोन महिने बंद होता, आतली सळई तुटलेली. हापसा झाला की पाणी आलं, याच आशेवर गाव होतं. पण आठ दिवसांपूर्वी मी एकटाच तिथे जाऊन, हापशाचं डोकं सैल करून, फटीतून टेप सोडून आलो होतो. पाणी पार खाली गेलेलं. पाइपांच्या तळाशी पाणी ओढणारा सिलिंडर असतो, त्याच्या वर जेमतेम हातभर. म्हणजे हापसा कितीही चांगला दुरुस्त केला तरी दीड-दोन घागरी येणार आणि मग नुसती हवा. हे गावाला ठाऊक नव्हतं, दस्तगीरला नव्हतं. मला होतं. आकडा माझ्या खिशातल्या डायरीत होता. कचेरीच्या रजिस्टरात अजून गेल्या उन्हाळ्याचाच आकडा होता, भरपूर पाण्याचा. नवा आकडा चढवायचा राहिला होता. तो राहिला होता हे मला त्या संध्याकाळी बरोबर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिथे. बायांनी घागरींची रांग लावलेली. दस्तगीरने कान लावून सळई कुठे तुटलीय ते सांगितलं, पाइप ओढले, सळई बदलली, वायसर नवे घातले, सगळं पुन्हा आत सोडलं. किती सफाईने — मी जळत होतो आणि तरी बघत राहावंसं वाटत होतं. दांडा मारला. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी. टाळ्या पडल्या. एक घागर भरली, दुसरी निम्मी झाली आणि दांडा हलका पडला.

दस्तगीरने पुन्हा कान लावला. मग उठून माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, हापसा ठीक हाय. पर बोअरमधी पाणीच न्हाई."

बाईंनी दुभाष्याकडे बघितलं, दुभाष्याने माझ्याकडे. पाण्याचे आकडे ठेवणारा मीच. मी रजिस्टर उघडलं, गेल्या उन्हाळ्याच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "पाणी भरपूर आहे. जोडणीत काहीतरी राहिलं असेल."

खोटं बोललो का? रजिस्टर तर खरंच तसं म्हणत होतं — बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. खोटंच बोललो. डायरी शर्टाच्या खिशात होती, छातीला टोचत होती.

दस्तगीर माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून त्याने पुन्हा पाना उचलला. पुन्हा सगळे पाइप वर, पुन्हा आत. तेवढ्यात थोडं पाणी साचलं असेल — पाऊण घागर आली, पुन्हा हवा. एक जमादार म्हणाला, "मिस्त्री, आज हापसा बोलंना का?" लोक हसले. बाईंनी घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं. आम्ही जेवायला लातूरला परत आलो.

आफ्रिकेला मग कोण गेलं? मी नाही. आमच्या जिल्ह्यातून कुणाचंच नाव लागलं नाही, नांदेडचे एक साहेब जाऊन आले. माझा फोटो पाकिटातच राहिला आणि वडील पुन्हा डाळीच्या भावावर बोलायला लागले. नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे, म्हणतात ना? मला वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र आठवडाभर गाढ झोप लागली.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. हा अर्धा. उरलेला सांगायला मला वर्षं लागली आहेत.

दस्तगीर त्या गावातून आमच्याबरोबर परतला नव्हता. तो तीन दिवस तिथेच राहिला. बोअरला पाणी आहे असं साहेब म्हणाले, म्हणजे आहे. चूक आपलीच — असं धरून त्याने तो हापसा आणखी चारदा उघडला आणि चारदा बसवला. चौथ्या दिवशी कचेरीत आला. हाताच्या तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. दारातच उभा राहिला. मी बस म्हणालो तरी बसला नाही. म्हणाला, "साहेब, मला अजून बी ते बोअर कोरडंच ऐकू येतंय. माझ्या कानाला काय झालं असंल का?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेरचे पाहुणे गेले होते, आफ्रिकेचं नाव हातचं गेलं होतं, मला मिळवायचं किंवा गमवायचं काहीही उरलं नव्हतं. डायरी टेबलावर होती. नुसती उघडून पुढे सरकवायची होती. मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "वय झालं की होतं असं."

तो अडतीस वर्षांचा होता.

त्याने मान हलवली. मला सलाम केला आणि गेला. पुढच्या आठवड्यात तो लातूरच्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत, आणि त्याने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला. पंधरा दिवसांनी मी डायरीतला आकडा रजिस्टरात चढवला, तारीख मापाची नाही, चढवला त्या दिवसाची घातली आणि गावाला टँकर सुरू केला. ते पंधरा दिवस त्या बाया दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. टँकर बघून दस्तगीर म्हणाला, "आता आटलं म्हणायचं."

त्यानंतर तो हापशाला कान लावेनासा झाला. गावात उतरला की आधी मला विचारायचा, "रजिस्टरात काय हाय, साहेब?" मग सगळा उघडायचा, माझ्यासारखा. जिथे तासाचं काम तिथे दिवस जायचा, आणि दुष्काळात तो दिवस कोणाचा जातो हे तुम्हाला सांगायला नको. वर्षभराने त्याने स्वतःहून अर्ज दिला — दुरुस्तीवर नको, स्टोअरला द्या. त्यावर शिफारशीची सही माझी आहे. पुढची जवळपास वीस वर्षं तो वायसर आणि नटबोल्ट मोजून देत बसला. निवृत्तीच्या समारंभात उठून म्हणाला, माझी चूक साहेबांनी कधी वर कळवली नाही, म्हणून नोकरी राहिली. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी हार त्याच्या गळ्यात घातला.

गेल्या वर्षी लातूरच्या बसस्थानकात बाकावर बसलो होतो. खोकला आला. मागून आवाज आला, "साहेब ना तुम्ही? खोकल्यावरून वळखलं." वळून बघितलं तर दस्तगीर, मुलीच्या हाताला धरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. इतक्या गाड्यांच्या, माणसांच्या गोंगाटात त्याने मला खोकल्यावरून ओळखलं होतं.

इकडचं तिकडचं बोललो. औशाची गाडी लागली. मुलगी पिशवी उचलून पुढे झाली आणि तो माझ्याकडे वाकला. हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू का साहेब? त्या दिवशी बोअरला पाणी होतं ना?"

मी म्हणालो, "होतं."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि मुलीच्या मागे गाडीत चढला.

तो अजून आहे. आमच्या गल्लीतला पोस्टमन औशाचा, त्याच्याकडून कळलं, मोतीबिंदू काढले, आता बरं दिसतं त्याला. लातूरहून औसा तासाभराचासुद्धा रस्ता नाही, आणि दिवसभर गाड्या असतात. मी गेलेलो नाही.