ट्रास्कचा पाव हिस्सा

ब्रिस्टलच्या गणित विभागात चारच्या चहाला हेडली ट्रास्क दिसला नाही, तर लोक त्याच्या घरी फोन करत. माणूस गोड, पण हट्टी. बायको नाही, मूलबाळ नाही. मागे राहणार होता तो एक अपूर्णांक, सगळे ज्याला 'ट्रास्कचा पाव' म्हणत.

मूळ संख्यांमागे एक फलन आहे. त्याचा आलेख डोंगररांगेसारखा वरखाली जातो. छोट्याशा टप्प्यात सगळ्यात उंच शिखर किती उंच असेल, याचा अंदाज हेडलीने यदृच्छेने आकडे भरलेल्या मॅट्रिक्सवरून बांधला होता. त्या सूत्रात शेवटी एक बारीक वजाबाकी होती आणि तिचा गुणक पाव आला. सिद्ध कोणीच केलं नव्हतं, पण मानत सगळे होते.

निवृत्तीच्या व्याख्यानाच्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीत नेस्टा प्यू आली. एके काळची त्याची विद्यार्थिनी, आता सहकारी. बसलीसुद्धा नाही.

"हेडली, तुमच्या टॉटरडाउनच्या चाळवजा घरांत शेजाऱ्याने खिळा ठोकला की काय होतं?"

"माझी तसबीर वाकडी होते. नेहमीचंच."

"मग ही शिखरं एकमेकांना ओळखतच नाहीत, असं कसं धरलंत? त्यांच्याही भिंती सामाईक आहेत. ते हिशेबात घेतलं की पाव नाही, पाऊण येतो."

हेडलीने मनातल्या मनात पडताळून पाहिलं. पाऊणच येत होता.

"संगणकावर दिसेल?"

"छे. ती वजाबाकी इतकी रेंगाळत वाढते, की फरक नातवंडांनाही दिसायचा नाही. आज गप्प राहिलात तर कोणी विचारणार नाही. मीही नाही."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"ईस्टरपासून. धीर होत नव्हता."

"गप्प बसायला मी शिकवलं होय तुला?" तो म्हणाला. त्याला चुकीपेक्षा तेच जास्त लागलं.

दुपारी सभागृह भरलं. सवयीने त्याने फळ्यावर पाव लिहिला. मग तळहाताने पुसून पाऊण लिहिला आणि खाली नेस्टाचं नाव.

"शेजाऱ्यांना परकं धरत आलो," तो म्हणाला, "तेही टॉटरडाउनमध्ये राहून."

कोणी हसलं नाही. चहाच्या खोलीत केक ठेवला होता, वर साखरेने मोठा ¼ काढलेला. सगळे ओशाळून उभे राहिले. हेडलीने सुरी घेतली, मोजून चौथा हिस्सा कापून आपल्या बशीत घेतला आणि उरलेला केक नेस्टापुढे सरकवला.

"आता बरोबर झालं. हा तुझा."

तिचे डोळे भरून आले. त्याने पहिला घास घेतला आणि फार गोड आहे म्हणून कुरकुर केली.