आत्याची पट्टी

चष्मेवाल्याला जिन्यावरचे सगळे शेजारी ‘ससा’ म्हणतात, आणि तो ओ देतो. काचा घासताना त्याचा हात केसभर हलत नाही. पण फावल्या वेळात तो चेलो वाजवतो, गुडघ्यांत धरायचं ते थोरलं व्हायोलिन; त्याच्या मानेवर तोच हात वरच्या सुरांकडे सरकू लागला की घाम फुटतो. मेहुण्याच्या लग्नात वरचा सूर घेताना चेलो असा किंचाळला, की आतून एक बाई मांजर हाकलायला आली. तेव्हापासून ससोबांनी कानाला खडा लावला. कुठलीही लोकगीताची चाल हाती आली, की आधी खाली उतरवायची; मोकळ्या तारांचा आधार मिळेल, बोटांना वर जावं लागणार नाही, अशा पट्टीत आणायची.

“चालीला जमिनीवर निजवता तुम्ही,” बायको म्हणायची. “पडली तर लागायला नको.”

आज मात्र गाठ आत्याशी होती. आईमागे तिनंच त्याला वाढवलं. जन्मभर ओट्याशी गाणारी आत्या वाचनालयाच्या सभागृहात पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होती, तीही भाच्याच्या भरवशावर. आपल्यापायी लोक तिला हसले तर?

तालमीचं त्यानं काकुळतीनं विचारलं होतं. “गाणं म्हणजे झंपर आहे का रे, आधी मापं घ्यायला?” आत्या म्हणाली.

“पांढरी दोनमध्ये घेतलंय मी.”

“घे की.” पट्ट्यांची नावं आत्याच्या गावीही नव्हती.

सभागृहात मंचावर बसल्यावर त्यानं पांढरी दोनचा सूर धरला. आत्यानं पहिली ओळ उचलली, आणि तिचा आवाज विहिरीत घागर बुडावी तसा बुडाला. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

“फार खोल आहे रे. मी माझं माझं घेते,” म्हणत आत्यानं आपली वरची काळी चार धरली.

त्याचा हात वर निघाला, अर्ध्यावर थिजला. तिथं लग्नातलं ते मांजर बसलेलं होतं. आत्या एकटीच गात होती, भाच्याकडे बघत. पट्टी तिचीच ठेवून आपण एक सप्तक खाली गेलो तर? पण तिथं मोकळी तार नाही, प्रत्येक सूर बोटानंच शोधायचा. जीव मुठीत धरून त्यानं जाड तारेवर बोट ठेवलं. सूर लागला. मग दुसरा. आत्याच्या आवाजाखाली चेलो दबकत चालू लागला. कुणी हसलं नाही.

टाळ्या पडल्या. आत्या पदर सावरत म्हणाली, “आता दुसरं. हे जरा चढं आहे हं.”

सशानं दाराकडे पाहिलं. दाराशीच खुर्ची टाकून बायको बसली होती. तिनं पाय दारात आडवे लांब केले.