ऊन बघून सांगतो

गल्लीच्या टोकाला ज्या अंगणात शोधूनही वाळकं पान सापडत नाही, ते घर गादीवाल्यांचं. त्यांना खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्यांना ऊनमामा म्हणतात, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलंय. गादी कधी मिळेल? "ऊन बघून सांगतो." बरं, उशी तरी? "ऊन बघून सांगतो." शेजारच्या बेकरीवाल्याने एकदा वैतागून विचारलं, "मामा, तुमचं लग्न तरी ठरल्या दिवशी लागलं होतं का?" मामा खोळीला टाका घालत शांतपणे म्हणाले, "लागलं. त्या दिवशी ऊन चांगलं होतं."

आता तुम्ही म्हणाल, गादीला एवढं कसलं आलंय ऊन. असं म्हणणाऱ्याने ढगाळ हवेत भरलेल्या गादीवर झोपून बघावं. कापूस हवेतली ओल गुपचूप पिऊन बसतो. तसाच खोळीत कोंबला की थोड्याच दिवसांत त्याचे गोळे होतात, आणि माणूस गादीवर झोपलाय की बटाट्याच्या पोत्यावर, हे त्याच्या पाठीलाच ठाऊक. मामांनी उभ्या आयुष्यात अशी गादी कोणाला दिली नाही. लोक कुरकुर करतात, नावं ठेवतात, आणि पुढच्या गादीला पुन्हा त्यांच्याकडेच येतात.

त्या गावची हवाही मोठी लहरी. सकाळी दव इतकं, की अंगणातून चाललं तर चपलेला माती चिकटते. म्हणून दव उडेपर्यंत झाडू हातात घ्यायचा नाही, ओल्या मातीवर खराटा फिरवला तर नुसते ओरखडे उठतात. दव उडालं की झाडलोट, मग ताडपत्री, मग तिच्यावर कापूस. दुपारी टेकडीवरून वारा सुटतो. तो सुटायच्या आत कापूस गोळा करून आत न्यायचा आणि उरलेला दिवस ओसरीत बसून दाभण चालवायचं. संध्याकाळी धूळ बसावी म्हणून अंगणात पाणी शिंपडायचं. मामांच्या घरात घड्याळ आहे, नाही असं नाही. पण ते बंद पडलंय हे लक्षात यायलाच त्यांना आठवडा लागला होता.

कापूस मामांचा आणि अंगण मामींचं, अशी त्या घरातली वाटणी. टेकडीच्या बाजूला मेंदीचं कुंपण आहे, ते मामी कमरेएवढंच ठेवतात. त्याहून बुटकं झालं तर वारा आत घुसतो, उंच झालं तर ऊन अडवतं. कुंपणाच्या बुडाशी गवत उगवतं, त्याला तुरे यायच्या आत मामी विळा लावतात. "कापूस कोणाला नाही म्हणत नाही," त्या म्हणतात, "खडा येऊ दे, काडी येऊ दे, सगळं पोटात घेतो." मामांनी कापसाकडे बघावं आणि मामींनी जमिनीकडे, असं त्यांचं सुखाने चाललं होतं.

त्यांना एकच मुलगी. ती याच कापसात वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकून ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायची. "बाबा, झाला." किंवा, "नाही झाला, आत गार लागतोय." वाळलेला कापूस आतून उबदार लागतो आणि मूठ सोडली की आपसूक फुगतो, ओला असेल तर मूठ सोडली तरी दबून राहतो. पोरीचा हात कधी चुकला नाही. मामा स्वतःच्या हातावर नाही, एवढा तिच्या हातावर विश्वास ठेवायचे. त्यांच्या तळव्यांना दाभणाने असे घट्टे पडून बसलेत, की चहाचा गरम पेलाही ते फडक्याशिवाय उचलतात.

पुढे पोरीचं लग्न झालं, ती दूरच्या शहरात गेली. यंदा तिला मुलगी झाली. मामी बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या पाऊस सरेपर्यंत तिकडेच राहिल्या. जाताना बजावून गेल्या होत्या, "कुंपण छाटा, आणि गवताला तुरे यायच्या आत कापा. ऐकताय ना?"

"ऐकलं गं."

ऐकलं होतं, खोटं कशाला बोला. पण एकटा माणूस, स्वयंपाक करता करता नाकी नऊ आलेले. आज कापू, उद्या कापू करता करता गवत गुडघ्याला लागलं आणि मेंदी छातीपर्यंत गेली. मामी फोनवर विचारायच्या, "अंगण काय म्हणतंय?" मामा म्हणायचे, "मजेत आहे." त्यात खोटं काही नव्हतं, अंगण खरंच मजेत होतं.

मग एक दिवस निरोप आला, आम्ही तिघी येतोय, थंडी संपेपर्यंत राहणार. मामांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. नातीला पहिली गादी आपल्या हातची, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. गाठीतला सगळ्यात मऊ, लांब धाग्याचा कापूस त्यांनी वेगळा काढून ठेवला होता. पण नेमकं तेव्हा आभाळ दाटून आलं. ढग हलायचं नाव घेईनात. येण्याचा दिवस जवळ आला तशी मामांना अन्न गोड लागेना. शेवटी एका दुपारी ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं. वाराही सुटलेला होता. दुसरा कोणी असता तर मामांनीच त्याला ओरडून थांबवलं असतं. पण नात यायची होती. वाढलेल्या मेंदीची सावली अर्ध्या अंगणावर, म्हणून त्यांनी ताडपत्री सरकवत सरकवत कुंपणाच्या त्या उघड्या कोपऱ्यात नेली, जिथे गवत तुऱ्यावर येऊन वाळलेलं उभं होतं. कापूस तापला, आत आला, पिंजला, खोळीत गेला. छोटीशी गादी झाली, बघत राहावी अशी. त्यानंतर मामांनी विळा काढला आणि सगळं अंगण कापून, छाटून, झाडून आरशासारखं केलं. याला म्हणतात वरातीमागून घोडं.

मामी आल्या, अंगणाला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "बरं ठेवलंय हो." मामांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

नात तीन महिन्यांची, गोरीगोमटी, सतत हसणारी. पण गादीवर ठेवली की टाहो. उचलली की गप्प, ठेवली की पुन्हा टाहो. आईच्या खांद्यावर झोपे, आजीच्या मांडीवर झोपे, त्या गादीवर मात्र डोळ्याला डोळा नाही. पोट दुखतंय म्हणून ओव्याचा शेक झाला. डॉक्टरांनी तपासलं, ठणठणीत आहे म्हणाले. नवी जागा आहे, रुळेल, असं सगळे म्हणत राहिले. लेकीचे डोळे जागरणाने खोल गेले. एकदा गादी ओली झाली, ती ओसरीत वाळवून पुन्हा घातली. फरक शून्य.

अखेर एका सकाळी लेक चहा घेताना हळूच म्हणाली, "बाबा, रविवारी निघते म्हणते. तिला इथलं मानवत नाहीये. तिकडे तिच्या पाळण्यात शांत झोपायची हो."

मामा म्हणाले, "बरं." वर्षावर्षाने आलेली लेक, थंडी संपेपर्यंत राहणार म्हणाली होती, आणि थंडी तर अजून सुरूही झाली नव्हती. ते उठून ओसरीत गेले आणि दाभणात दोरा ओवत बसले. दोरा काही केल्या ओवला जाईना.

त्याच सकाळी मामी अंगणात बाळाला तेल लावत होत्या. बाळ पालथं पडलेलं. मामा सहज बघायला गेले, तर त्या इवल्याशा पाठीवर बारीक लाल ठिपके.

"डास चावले असतील," मामी म्हणाल्या.

"नुसते पाठीला?" मामा म्हणाले आणि आत गेले. गादीवर तळवा फिरवला. काही नाही, लोण्यासारखी. दोन्ही हातांनी दाबली. काही नाही. मग त्यांना आपल्या तळव्यांची आठवण झाली. ते खाली बसले, आणि म्हातारा माणूस गुडघे टेकून गाल गादीवर ठेवून जरा भार देऊन पडून राहिला. टोचलं. गाल सरकवला, पुन्हा टोचलं. मामांनी खोळीतून नखाने एक टोक ओढून काढलं. गवताचं कुसळ होतं.

कोणाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. गुपचूप उसवून, निवडून परत भरता आली असती. पण रविवार तोंडावर आला होता. ते तसेच बाहेर आले, कुसळ मामींच्या तेलकट तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "गवत मी वेळेवर कापलं नाही. वाऱ्यात कापूस घातला. पोरीला मी टोचत होतो इतके दिवस."

मामींनी कुसळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तरीच म्हटलं, अंगण इतकं चकाचक कसं. मी नसताना आजवर कधी ठेवलंत का?" पण त्यांना हसू आवरेना. "चाळीस वर्षं गावाच्या गाद्यांना नावं ठेवलीत, आता बसा निवडत."

लेक दारात उभी होती. रागवेल असं मामांना वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे तिला हे घर मानवत नाही, असं नाही तर." आणि तिला एकदम रडू आलं, इतक्या दिवसांच्या जागरणाचं साठलेलं. डोळे पुसून म्हणाली, "मग नीट भरून द्या मला. गादी झाली की ती घेऊनच जाईन. रविवारचं राहू दे."

गादी उसवली. तिघं ओसरीत कापसाभोवती बसून पुंजका पुंजका विंचरून कुसळं काढू लागली. बाळ घडी घातलेल्या जुन्या चादरीवर असं झोपलं, जणू मागची सगळी झोप वसूल करतंय. सगळी निवड झाली, आणि बघतात तर आभाळ भरून आलेलं. बेकरीवाला पाव द्यायला आला, त्याने ओसरीतला कापूस पाहिला. "मामा, नातीची गादी कधी?" मामा काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, "ऊन बघून सांगतो." सगळे हसले, मामासुद्धा.

ढगाचे ते दिवस मोठे छान गेले. लेक उशिरापर्यंत झोपायची. मामा नातीला कुंपणापाशी नेऊन मेंदीची पानं दाखवायचे. मामी दोघांवर लक्ष ठेवत खराटा फिरवायच्या.

मग ऊन पडलं. कापूस ताडपत्रीवर आला, वारा सुटायच्या आत आत गेला. मामांनी हात घातला आणि मान हलवली. "आज दव फार होतं. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी आभाळात औषधालाही ढग नव्हता. मामा म्हणाले, "ऊन कोवळं आहे. दिसतं कडक, पण आत जात नाही."

तिसऱ्या दिवशी अंगणात पाय भाजत होते. मामींना राहवलं नाही. "अहो, माझ्या वाळवणातल्या मिरच्या सकाळपासून कडकडीत झाल्यात. कापसाचंच घोडं कुठे अडलंय?"

"मिरच्या वेगळ्या, कापूस वेगळा," मामा म्हणाले. ते कोणाकडे बघत नव्हते. "आतून ओला लागतोय मला."

"तुमच्या हाताला गरम चहा लागत नाही, तिथे ओल बरी लागते."

लेक नातीला कडेवर घेऊन पायरीवर उभी होती. ती खाली उतरली, बाळ मामींच्या हातात दिलं, ताडपत्रीपाशी बसली आणि लहानपणी घालायची तसा ढिगात कोपरापर्यंत हात घातला. मामांनी विळा उचलला आणि छाटलेल्याच मेंदीकडे बघत उभे राहिले. लेकीने आत मूठ मिटली, सोडली. कापूस तिच्या बोटांभोवती भसकन फुगून वर आला, हात चांगला उबदार झाला. तिने तो काढून घेतला, बाहीवरचे धागे झटकले आणि बापाकडे पाहिलं.

"ओला आहे, बाबा," ती म्हणाली. "चांगलाच ओला आहे अजून."

मामींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि बाळाला कडेवर घेऊन मिरच्या गोळा करायला गेल्या.