आंब्याला लागलेला चुना

ऐंशीच्या दशकात मी भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. साकोलीकडच्या एका गावावरून विजेची मोठी लाइन जायची होती. तिच्यामुळे झाडांचं, जनावरांचं, तलावाचं काय नुकसान होईल याचा अहवाल द्यायला सर्व्हेच्या इंजिनियरसोबत कुणीतरी जाणकार हवं होतं. स्टाफरूममध्ये विचारणा झाली तेव्हा सगळे एकाएकी पेपर तपासायला लागले. मी सर्वांत नवीन, म्हणून जाणकार ठरले.

गावाला वीज हवी होती. मॅडमला एखादा दुर्मीळ पक्षी दिसला तर लाइन रद्द होते, असं कुणीतरी सरपंचाच्या डोक्यात भरवून दिलं होतं. त्यामुळे तलावावर कोणते पक्षी येतात हे विचारताच तो म्हणाला, "अठी काई नाई येत, मॅडम. साधा कावळा नाई."

तेवढ्यात तलावाच्या पाळीमागे, म्हणजे बांधामागे, मोर ओरडला. सरपंचाने शांतपणे सांगितलं की तो दुसऱ्या गावचा आहे.

लाइन जाणार होती मोहाच्या झाडांमधून. इंजिनियरच्या माणसांनी सकाळीच तिथल्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे ओढले होते. झाडांखाली बायका फुलं वेचत होत्या. त्या फुलांवर आणि टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलावर त्यांचा हात थोडा मोकळा चालायचा, नवऱ्याला न विचारता. सरपंच मात्र मला म्हणाला, ही रिकामी झाडं आहेत, खुशाल तोडा. वेचणाऱ्यांत त्याची विधवा भावजयही होती.

दुपारचं जेवण सरपंचाकडेच होतं. वाढता वाढता भावजयीने मला हळूच विचारलं, चुना लागला म्हणजे झाड गेलंच काय? मी म्हटलं, साधारण तसंच. "असं हो काय," म्हणून तिने मला आणखी भात वाढला आणि इंजिनियरला तर वाढतच राहिली. जेवण इतकं झालं की तो आणि त्याची माणसं ओसरीवरच आडवी झाली. सरपंचही घोरायला लागला.

उन्हं कलल्यावर आम्ही पुन्हा निघालो. मोहाचे बुंधे ओल्या मातीने घासल्यासारखे स्वच्छ होते. चुन्याचे पट्टे तलावाच्या पाळीवरून वळून थेट सरपंचाच्या आमराईत शिरले होते. परवा लावलेलं कलमसुद्धा सुटलं नव्हतं.

इंजिनियरला आपली लाइन कुठली हे कळत नव्हतं असं नाही. त्याने नकाशा पाहिला, मग मागे घोळक्याने उभ्या असलेल्या बायकांचे पांढरे हात पाहिले. नकाशाची घडी घालत तो गंभीरपणे म्हणाला, "सरपंच, लाइन इकडून दिसते."

सरपंचाने आंब्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला. "लिहा, मॅडम. अठी सारस येते. जोडीनं येते. अस्वल येते."

मी म्हटलं, सकाळी तर कावळाही येत नव्हता.

"तवा मले आठवलं नाई."

मागून भावजय म्हणाली, "भाऊजी, अस्वल आंब्यावर येते, मंग मोहावर नाई येत काय?"

सगळं गाव ऐकत होतं. अस्वल आधी मोहावर येतं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सरपंचाला ते कबूल करावं लागलं, तेही इंजिनियरच्या देखत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तलावाच्या कडेला सारसाची जोडी खरंच दिसली आणि मोहाखाली अस्वलाची विष्ठाही सापडली, तेव्हा अहवालात मला खोटं काहीच लिहावं लागलं नाही. लाइन पलीकडच्या बरड माळावरून, रस्त्याच्या कडेने नेली. वळसा पडला, पण मोह वाचले, आंबे वाचले आणि गावात वीजही आली.

पुढे एकदा त्या गावी गेले. सरपंच आल्यागेल्या साहेबाला, हे जंगल आपण कसं वाचवलं ते सांगत होता, आणि सांगता सांगता त्याला ते खरंही वाटायला लागलं होतं. भावजय अंगणात फुलं वाळत घालत होती. माझ्यासाठी पाट ठेवत तिने एवढंच विचारलं, "बाई, आता मोहातून सडक काढतेत म्हने. सडकेचा साहेब जेवाले कवा येनार हाय, तुमाले मालूम हाय काय?"