कुल्फीचा ताप बघणारा

देवाच्या हातचा प्रसादसुद्धा वास घेतल्याशिवाय तोंडात टाकायचा नाही, असा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो आमच्याच दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होता. संशयी म्हणून भावकीत माझं नाव आहे. भाजीवाल्याच्या तराजूपासून सुनेच्या माहेरापर्यंत मी कशावरच सहजासहजी विश्वास ठेवलेला नाही. पण कोरियातून आलेल्या या बाबापुढे मी अगदी भोळी ठरले. चाकणला त्याच्या देशाची गाड्यांचे भाग बनवणारी कंपनी आहे. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, उलटासुलटा करून बघायचा आणि शक्यतो नापास करायचा, हे त्याचं काम. अशा कामाला पगार मिळतो हे कळलं तेव्हा मला वाटलं, आपण जन्मभर फुकट राबलो.

रहाटणीतल्या आमच्या शेताची बिल्डिंग झाली तेव्हापासून खाली आम्ही आणि वर भाडेकरू. घर माळकऱ्याचं, म्हणून अट एकच: मांस, मासळी, अंडं जिना चढणार नाही. त्यानं ती दोनदा विचारून घेतली आणि कबूल केली. याआधी ताथवड्यात त्याला दोन घरांतून काढलं होतं. एका मालकाच्या पाण्याच्या टाकीत हा बॅटरी घेऊन उतरला होता, दुसऱ्याच्या लिफ्टचा दोर तपासत बसला होता. हेही घर गेलं तर कंपनी हॉटेलात ठेवणार होती. हॉटेलात पोराचं रडणं नाही, भांड्यांचा आवाज नाही, तिथं माणूस माणसातून उठतो, असं त्यानं कंपनीच्या ड्रायव्हरच्या तोंडून मला सांगितलं. मला ते पटलं. पण त्याच्या सामानात खाटेएवढा डीप फ्रीझर होता. चार माणसांनी तो वर चढवला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मराठी तो कंपनीतल्या पोरांकडून शिकला. त्यामुळे नात्यागोत्याचे शब्द कमी, पण ‘चेक’, ‘रिजेक्ट’, ‘परत कर’ एकदम पक्के. थंड खाण्याचा त्याला भारी नाद, आणि थंड खाण्यावरच सगळ्यात जास्त संशय. खिशाला पेनासारखा थर्मामीटर कायम. कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्यानं मटक्यातून कुल्फी काढून हातात दिली की हा आधी ती सळई तिच्यात खुपसायचा आणि आकडा बघत उभा राहायचा. कुल्फीवाला बिचारा म्हणायचा, “साहेब, ताप उतरला असंल तर खाऊन घ्या, वघळ लागलाय.” बर्फाच्या गोळ्याचं तर विचारू नका. हा बर्फ कुठून येतो, हे बघायला तो लादीच्या टेम्पोत बसून थेट बर्फाच्या कारखान्यात गेला. आल्यावर सांगितलं, पाणी पास, लादीवरचं गोणपाट रिजेक्ट. दुसऱ्या दिवशी गोळेवाल्याला पांढरं स्वच्छ प्लास्टिक आणून दिलं. गोळेवाल्यानं ते नीट घडी घालून पोरीच्या वह्यांना कव्हरं घालायला घरी नेलं आणि लादी पुन्हा गोणपाटात.

एकदा त्यानं मला आणि सुनेला ताथवड्याच्या कॉलेजांजवळ पेरूचं आइस्क्रीम खायला नेलं. दुकानदारानं वर लाल तिखट आणि मीठ भुरभुरलं. हा खुर्चीतून उठलाच. परका माणूस बघून आपली टिंगल चालली आहे, असं त्याला वाटलं. मग आजूबाजूच्या पोरांच्या वाट्या बघितल्या, सगळ्यांवर तिखट. तेव्हा बसला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “आजी आधी.” मी खाल्लं. तो माझ्या तोंडाकडे असा बघत राहिला, जणू मी आत्ता कोसळणार आणि त्याला झेलायचंय. मी काही मेले नाही म्हटल्यावर त्यानं चमचा लावला, आणि मग तीन वाट्या संपवल्या.

त्याच्या मुलखातलं ऐकाल तर आपण बरे म्हणाल. तिथं किसलेल्या बर्फावर चवळीसारख्या कडधान्याची गोड उसळ घालून खातात. शेवयांच्या रश्श्यात बर्फाचे खडे टाकतात. मोबाइलवर त्यानं एक फोटो दाखवला, त्यात अख्खा मासा आणि पोटात आइस्क्रीम. मी माळेला हात लावला. तो घाईघाईनं म्हणाला, “आजी, मासा नाही. बिस्कीट. आकार मासा.” आता बिस्किटाला करायला दुसरा आकार मिळत नाही का?

मी काही केलं की वाटीभर वर जायचं. रिकामी वाटी परत द्यायची नाही, हे त्यांच्याकडेही आहे म्हणे, त्यामुळे वाटीतून कधी सफरचंद यायचं, कधी बिस्किटं. आणि वाटीबरोबर निकाल. मागच्या आमटीत कोकम होतं, आज चिंच आहे. थालीपिठात आज धणे कमी. माझ्या नवऱ्याला जन्मभरात भाकरी ज्वारीची की बाजरीची हे कळलं नाही, आणि हा धणे मोजतो.

मग एके दिवशी झाडलोट करणारी बाई खाली येऊन सुनेच्या कानाला लागली. वरचा फ्रीझर उघडा होता, आत डब्याडब्यांतून लाल लाल काहीतरी गोठवलंय. सुनेनं मुलाला सांगितलं. मुलाला तो माशाचा फोटो आठवला. तो म्हणाला, “आई, त्यानं मटण भरून ठेवलंय. महिनाअखेर खोली खाली करायला सांगतो.” मी म्हटलं, “थांब. डोळ्यानं बघितल्याबिगर मी कुणाला बाहेर काढणार न्हाई.” गुडघे धरत दोन जिने चढले आणि त्याला सांगितलं, पेटी उघड.

त्यानं उघडली. लाल होता तो मीच दिलेला गाजराचा हलवा. शेजारी माझी शेंगदाण्याची आमटी. माझ्या पुरणपोळीचा तुकडा. माझं पिठलं, दगडासारखं. प्रत्येकातलं चमचा-दोन चमचे, प्रत्येक डब्यावर तारीख. मला वाटलं जपून ठेवलंय, जरा बरं वाटलं. मग त्यानं समजावलं. त्यांच्या कंपनीच्या कँटीनमध्ये रोजच्या जेवणातलं थोडं थोडं गोठवून ठेवतात. “कोणी आजारी, मग डबा चेक. कुठलं जेवण चोर, कळतं.”

मटणापेक्षा हे मला जास्त लागलं. म्हटलं, “माझ्या हातचं खाऊन सगळी भावकी वाढली, सुगीला गडी जेवले, कुणाचं पोट दुखलं न्हाई. आन् तू माझ्या आमटीला कोठडीत टाकलीस व्हय?” त्याला सगळे शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. तो भिंतीकडे गेला आणि कपाटावरची बॅग खाली काढली. कुणी न सांगता कपडे भरायला लागला. दोनदा निघालेला माणूस, त्याला ते पाठच होतं.

मी रागानं पेटीत बघत उभी. एक डबा तेवढा जवळजवळ रिकामा होता. पुतण्याची म्हैस व्याली तेव्हा केलेला खरवस. नुसते तळाला चमच्याचे ओरखडे. विचारलं, याचं काय झालं? तो हातातला शर्ट तसाच धरून म्हणाला, “सॅम्पल खायचं नाही, नियम. मी खाल्लं. गोठलेलं, खूप चांगलं. रोज थोडं.” आणि मान खाली घातली. कोर्टात गुन्हा कबूल करणारा माणूस इतकी मान खाली घालत नसेल.

मी बॅग उलटी केली आणि कपडे पलंगावर ओतले. म्हटलं, “खायचं तर इस्वासानं खा, न्हाईतर वाटी पाठवणार न्हाई.” त्यानं सगळे डबे बाहेर काढले आणि घासायला बसला. मी खाली येऊन मुलाला सांगितलं, मटण नाही, माझंच रांधलेलं आहे, आणि खोली त्याचीच राहील.

दोन वर्षं राहिला. मग कंपनीनं त्याला परत बोलावलं. आता वर आयटीतली दोन पोरं आहेत. सभ्य आहेत, भाडं वेळेवर देतात, माळकऱ्याच्या घराला बट्टा लागेल असं काही करत नाहीत. परवा पुन्हा चीक आला, मी खरवस करून वाटी वर नेली. एकानं मोबाइलवरून डोळे न काढता वाटी घेतली आणि चमचा लावायच्या आधीच म्हणाला, “एक नंबर, आजी.” वेलदोडा मी मुद्दाम घातला नव्हता. जिन्यात जरा वेळ थांबले. वरून कुणी काही विचारलं नाही.