बर्फावरचा तपकिरी डाग

पडद्यावर बर्फ होता. गोठलेला समुद्र, त्यात रुतलेलं एक जहाज, आणि काहीही हलत नव्हतं. मी झटकन शटर पाडलं. हॉलमध्ये अंधार झाला.

ऑपरेटरच्या हाताची सवयच ती. तेव्हाची फिल्म चटकन पेट घेणारी. प्रोजेक्टरमधल्या आर्कच्या प्रखर दिव्यापुढून सरकत राहिली तर ठीक, अडकली की पेटलीच. शटर म्हणजे दिवा आणि फिल्म यांच्यामधली लोखंडी झडप. ती वेळेत पडली नाही, तर फिल्मसकट केबिन जायची.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षं मध्य भारत नावाचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. मल्हारगंजातल्या आमच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी फिल्म क्लबचा शो होता. स्वीडनचा जुना ऐतिहासिक मूकपट, दिल्लीहून मागवलेली एकुलती एक प्रिंट. क्लबचे अध्यक्ष नानासाहेब, दरबारी अंमलदारांच्या घरातले, तरातरा केबिनमध्ये आले.

"वसंता, शटर कशाला पाडलंस?"

"साहेब, पिक्चर अटकलं ना!"

"अरे भिया, अटकलं नव्हतं. ही या डायरेक्टरची स्टाइल आहे. तो कॅमेरा हलवत नाही, घाई करत नाही. बर्फ बघत बसायचं, बस. आता मी इथेच उभा राहतो. शटरला हात नको."

शो पुन्हा सुरू केला. बोलपटात फिल्म अडकली की आवाज आधी घरघरतो. मूकपटात तोही इशारा नाही. शिवाय तो सावकाश चालवायचा, म्हणजे फिल्मला ताप जास्त.

पुन्हा बर्फ आला. दूरवर सैनिकांची रांग, थांबलेली. मी हात आवरून बसलो. तेवढ्यात बर्फाच्या मधोमध एक तपकिरी ठिपका उमटला आणि पसरू लागला.

"वाह! बर्फ पिघळतोय, देखा?" म्हणत नानासाहेबांनी माझं मनगटच धरलं.

भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. हात हिसडला, शटर पाडलं, मोटर बंद केली. जळका वास केबिनभर पसरला.

"साहेब, बर्फ नाही, फिल्म जळत होती."

नानासाहेब मटकन स्टुलावर बसले.

बोटभर फिल्म गेली. तेवढी कापून जोडली आणि शो पुरा केला. बर्फ शेवटपर्यंत वितळला नाही.

नंतरच्या चर्चेत एक प्रोफेसर त्या वितळणाऱ्या बर्फावर भरभरून बोलले. असा शॉट घ्यायला काळीज लागतं, म्हणाले. टाळ्या पडल्या. नानासाहेब रुमालाने चष्मा पुसत राहिले.

मी एवढंच शिकलो. पडद्यावर काही हलेनासं झालं, की आधी शटर पाडावं. स्टाइल असली, तर ती पुन्हा दाखवता येते.