वहिनींच्या संगणकावर बसगाड्या

माझ्या वहिनी पूर्वी छापखान्यात प्रुफं वाचायच्या. छापखाना बंद पडला, पोरं झाली आणि पुढची सात वर्षं त्या फक्त आमच्या किराणा यादीतल्या चुका काढत राहिल्या. मग वर्षभर घरीच बसून वेबसाइट बनवायला शिकल्या.

शहरातल्या बसच्या वेळा दाखवणारी एक वेबसाइट आहे. तिचा कोड सगळ्यांसाठी खुला; कोणीही उतरवून घ्यावा, सुधारावा. तिथे एक जागा निघाली. अट एकच: मंगळवारी दुपारी चारला, व्हिडिओ कॉलवर, ती वेबसाइट स्वतःच्या संगणकावर चालवून दाखवायची. नाही चालली, तर यादीतला पुढचा.

मी धाकटा दीर. संगणकाच्या दुकानात कामाला, म्हणजे घरातला उंटावरचा शहाणा. मंगळवारी सकाळीच वहिनींनी त्या वेबसाइटच्या सूचना छापून घेतल्या आणि ओळीखाली पट्टी धरून एकेक कमांड टाइप करायला लागल्या. कागदावर होतं, ‘नोड बसवा.’ नोड म्हणजे हा सगळा डोलारा चालवणारा प्रोग्राम; त्याच्या नव्या-जुन्या आवृत्त्यांना आकडे असतात.

“कुठला बसवू, भावोजी?”

“सगळ्यांत नवा. शिळं कशाला?”

दुपारी कमांडच्या काळ्या खिडकीत चुका सांगणाऱ्या लाल अक्षरांचा सडा पडला. मी सगळं पुसून पुन्हा बसवलं. पुन्हा सडा. सव्वातीनला मी जाहीर केलं, “संगणकच जुना आहे.”

“मघाशी नेट वाईट होतं, आता संगणक. पुढचा नंबर माझ्या नशिबाचा का?”

त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. प्रूफ वाचणारा माणूस अर्थासाठी वाचत नाही, फरकासाठी वाचतो. डावीकडे लाल मजकूर, उजवीकडे प्रकल्पाची एकेक फाइल. वीस मिनिटं वहिनींचं बोट ओळीओळीने सरकत राहिलं. मी नखं खात उभा.

“या फाइलीत एकच आकडा आहे. सोळा. आपण कितवा नोड बसवला?”

“बाविसावा.”

“का?”

‘मी सांगितलं म्हणून’ हे उत्तर होतं माझ्याकडे, पण मला याच घरात जेवायचं होतं.

बावीस काढला, सोळा उतरवायला लावला. पोरांना शेजारी धाडलं. वहिनींनी केस बांधले, सोडले, परत बांधले. चारला दोन मिनिटं असताना कॉल आला. वहिनींनी वेबसाइट सुरू केली; पडदा पांढराफटक. मग हळूहळू नकाशा उमटला, थांबे आले, वेळा आल्या.

“अडलात कुठे?” पलीकडच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

“नोडचा आकडा तुमच्या सूचनांत नाहीये. तो कोपऱ्यातल्या एका फाइलीत आहे. चूक तुमची आहे.”

मला वाटलं, जागा देणाऱ्याचीच चूक काढली, संपलं सगळं.

“तिथे आमची माणसं दोन-दोन दिवस अडकतात,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला किती वेळ लागला?”

“वीस मिनिटं. त्याआधी भावोजींसोबत चार तास.”

“सोमवारपासून या. आधी त्या सूचनाच नीट करा,” बाई म्हणाल्या. “भावोजींना घरीच ठेवा.”